लाल आणि निळ्याची पिलं तपकिरी का होतात?

एका टाकीत मी दहा लालभडक चेरी श्रिम्प, म्हणजे शोभेच्या बारक्या कोळंब्या, सोडल्या आणि त्यांच्यातच दहा गडद निळ्या. दोन्ही गोड्या पाण्यातल्या, एकाच जातीच्या, एकच खाणं खाणाऱ्या. मनात होतं, पिलं जांभळी निघतील. तेवढं नशीब नसेल तर निदान अर्धी लाल, अर्धी निळी. काही आठवड्यांनी शेवाळ्याच्या गोळ्यावर पहिली पिलं दिसली. वाढली, रंग धरू लागली, तेव्हा त्यातली बरीचशी मातकट होती. पाण्यात भिजलेल्या सुक्या पानाचा असतो तसा रंग. पाठीवर एक फिकट रेघ आणि अंगभर बारीक ठिपके. विकणाऱ्यानं भेसळीचा माल दिला असं वाटून मी चिडलो. माल चांगला होता, माझी समजूत चुकीची होती.

रंगांचा संकर म्हटलं की डोळ्यांसमोर रंगपेटी येते. लाल अधिक निळा म्हणजे जांभळा, पिवळा अधिक निळा म्हणजे हिरवा. कोळंबीच्या अंगात असं काही कालवलं जात नाही. तिथे काय घडतं ते एकदा समजलं की तपकिरी पिलांचा राग येत नाही, उलट त्यांच्यात काय दडलंय याची उत्सुकता लागते.

आधी कुणाची जोडी कुणाशी जमते ते बघू. मत्स्यालयात दिसणाऱ्या बहुतेक शोभेच्या कोळंब्या दोन कुळांतल्या असतात. पहिलं निओकॅरिडिना. लाल चेरी, पिवळी, नारिंगी, निळी, काळी, चॉकलेटी, हिरवी, मधूनच पारदर्शक असणारी रिली, या सगळ्या निओकॅरिडिना डेव्हिडी या एकाच जातीच्या आहेत. ही जात मूळची चीन, तैवान, कोरिया या भागातली. तिथल्या ओढ्यांत ती मातकट, हिरवट नाहीतर जवळजवळ पारदर्शक असते. दुसरं कुळ कॅरिडिना. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्रिस्टल रेड, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची क्रिस्टल ब्लॅक, अंगावर उभ्या रेघा असलेली टायगर, निळसर ब्लू बोल्ट ही सगळी त्यातली. या दोन कुळांचा आपसात संकर होत नाही. चेरी आणि क्रिस्टल वर्षभर एका टाकीत ठेवल्या तरी मिश्र पिलू मिळणार नाही. शिवाय दोघींना पाणीही वेगळं लागतं. चेरीला किंचित जड, सामान्य पाणी चालतं. क्रिस्टलला मऊ आणि थोडं आम्लधर्मी पाणी हवं.

कॅरिडिना कुळात मात्र एक गंमत आहे. क्रिस्टलची जात कॅरिडिना लोगेमानी आणि टायगरची कॅरिडिना मारिए. क्लोट्झ आणि फॉन रिंटेलेन या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये या दोन जातींचं रीतसर वर्णन केलं. कागदावर जाती वेगळ्या, तरी त्यांचा संकर होतो आणि झालेली पिलं पुढे वीणही देतात. या संकराला पाळणारे टायबी म्हणतात. शेवाळं खाण्यासाठी पाळली जाणारी अमानो कोळंबीही कॅरिडिना कुळातलीच आहे, पण तिच्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं, त्यामुळे या खेळात तिचा उपयोग नाही.

आता रंगाकडे. कोळंबी वाढताना कात टाकते. लाल कोळंबीची ताजी कात चिमट्याने उचलून उजेडात धरून बघा. मिशा, पाय, डोळ्यांवरची टोपी, सगळं जिथल्या तिथे असतं, पण लाल रंग जवळजवळ नसतो. काचेसारखं पातळ, रिकामं कवच हाती येतं. म्हणजे रंग मुख्यतः कवचात नाही, कवचाखालच्या त्वचेत आहे. तिथे फांद्या फुटलेल्या चांदणीसारख्या बारीक रंगपेशी असतात आणि त्यांच्यात रंगद्रव्याचे कण. कण पेशीभर पसरले की रंग गडद दिसतो, मध्यभागी गोळा झाले की फिका. म्हणूनच नवी कोळंबी पिशवीतून काढल्यावर पांढुरकी वाटते आणि दोन-चार दिवसांत रंगावर येते. काळ्या वाळूवर तीच कोळंबी जास्त गडद दिसते. आणलेल्या दिवशी तिच्या रंगावरून जोडी ठरवू नका, आठवडाभर तिला रुळू द्या.

लाल रंगामागे मुख्यतः अ‍ॅस्टाझँथिन नावाचं द्रव्य असतं. कोळंबी ते शून्यातून बनवू शकत नाही. शेवाळातून मिळणाऱ्या कच्च्या मालावर ती ते घडवते. हेच लाल द्रव्य काही विशिष्ट प्रथिनांना चिकटलं की निळं दिसतं. समुद्रातला निळसर लॉब्स्टर उकळल्यावर लाल होतो तो यामुळेच. उष्णतेने प्रथिन मोडतं आणि आतला लाल सुटा होतो. थोडक्यात, रंग तयार होणं हे अनेक पायऱ्यांचं काम आहे. द्रव्य बनवायचं, ते प्रथिनाला जोडायचं किंवा जोडायचं नाही, कोणत्या रंगपेशी किती आणि अंगावर कुठे हे ठरवायचं. प्रत्येक पायरीची सूचना जनुकांत लिहिलेली असते.

इथेच सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. कोळंबीचा मूळ मातकट रंग म्हणजे रंगांचा अभाव असं आपण समजतो. खरं तर उलट आहे. मातकट रंग हे संपूर्ण काम आहे. अनेक रंगांचे कण योग्य प्रमाणात, योग्य जागी बसले की तो तयार होतो आणि ओढ्याच्या तळाशी शिकाऱ्याच्या नजरेतून वाचवतो. आपल्याला आवडणारे बरेचसे झगझगीत रंग कुठेतरी एखादी सूचना बिघडल्यामुळे उमटलेले असतात. एक रंग बनायचा थांबला म्हणून दुसरा उठून दिसला. मग माणसाने तशी पिलं निवडून निवडून वाढवली आणि वाण तयार झाला.

सोयीसाठी प्रत्येक कोळंबीजवळ रंगाचं एक पुस्तक आहे असं धरू. पुस्तकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एका प्रतीतलं एखादं पान फाटलेलं असेल तर दुसऱ्या प्रतीतून ते वाचून काम भागतं. दोन्ही प्रतींत तेच पान फाटलेलं असेल तरच काम अडतं. शाळेत अप्रभावी जनुक म्हणून शिकलो ते हेच. समजा आपल्या लाल वाणात दोन्ही प्रतींचं बारावं पान फाटलेलं आहे, आणि निळ्या वाणात दोन्ही प्रतींचं चाळिसावं.

लाल आणि निळ्याच्या पिलाला एक प्रत लाल घराण्याकडून मिळते, एक निळ्या घराण्याकडून. बारावं पान निळ्या प्रतीत शाबूत आहे, चाळिसावं लाल प्रतीत. दोन्ही शेजारी ठेवल्या की पुस्तक सबंध वाचता येतं. काम पूर्ण होतं आणि पिलू मातकट होतं. दोन घराण्यांनी एकमेकांची उणीव भरून काढली. आपण म्हणतो रंग बिघडला, पण पिलाच्या बाजूने पाहिलं तर रंग दुरुस्त झाला.

प्रत्यक्षात एकेका रंगामागे एकच पान असतं असं नाही. अनेक पानं मिळून छटा ठरते, म्हणून प्रत्यक्ष पिलं या हिशोबाइतकी स्वच्छ गटांत पडत नाहीत. एखादं पिलू निळसर राखाडी निघतं, एखाद्याच्या शेपटीवर लाल शिंतोडे असतात. तरी ढोबळ कल हाच, आणि म्हणूनच सगळे रंग एकत्र ठेवलेल्या टाकीत काही पिढ्यांत मातकट कोळंब्यांचं राज्य येतं.

हा हिशोब कळल्यावर माझी मोठी अडचण सुटली. दोन निळ्या कोळंब्यांची पिलं तपकिरी निघाल्याचं मी पाहिलं होतं आणि ते काही केल्या पटत नव्हतं. खाण तशी माती म्हणतात, मग निळ्या खाणीतून तपकिरी माती कशी? उत्तर असं की निळा हा एक रंग आहे, एक वाण नाही. काही निळ्या कोळंब्या रिलीच्या घराण्यातून निवडत आणल्या आहेत, काही चॉकलेटी घराण्यातून. डोळ्यांना दोन्ही निळ्याच, पण एकीचं वेगळं पान फाटलंय, दुसरीचं वेगळं. त्या एकत्र आल्या की पुन्हा तीच दुरुस्ती होते. लालमध्येही हेच. साधी चेरी आणि ब्लडी मेरी दोन्ही लाल दिसतात, तरी ब्लडी मेरी चॉकलेटी घराण्यातून आली असं पाळणारे मानतात. म्हणून कोळंबी घेताना रंगापेक्षा घराणं विचारावं. दुकानातली नावं ही व्यापाराची नावं असतात, जनुकांची नव्हेत.

आता त्या मातकट पिलांकडे पुन्हा वळू. प्रत्येकाच्या पोटात लाल आणि निळा दोन्ही लपलेले आहेत. ही भावंडं आपसात विणली की पुढच्या पिढीत पानं चिठ्ठ्या काढल्यासारखी वाटली जातात. आपल्या दोन पानांच्या हिशोबात सरासरी 16 पिलांमागे 9 मातकट, 3 लाल, 3 निळी, आणि 1 असं की ज्याची बारावी आणि चाळिसावी, दोन्ही पानं दोन्ही प्रतींत फाटलेली. ते सोळावं पिलू कसं दिसेल हे आधी सांगता येत नाही. बरेच नवे वाण अशा एखाद्या वेगळ्या पिलापासून सुरू होतात. मातकट पिढीला कंटाळून टाकी मोडणारा माणूस नेमक्या दाराशी येऊन परत फिरतो, याचं मला वाईट वाटतं.

मात्र सरासरी ही सरासरीच असते. मादी एका खेपेला साधारण वीस ते तीस अंडी धरते. 24 पिलं जगली तर त्यात सोळात एक येणारं पिलू मुळीच न येण्याची शक्यता पाचात एक इतकी आहे. एका खेपेवर निकाल लावू नये. तीन-चार खेपा येऊ द्याव्या.

क्रिस्टल कोळंब्यांचा हिशोब निओकॅरिडिनापेक्षा सोपा आहे. जपानमध्ये हिसायासू सुझुकी यांना 1990 च्या दशकात काळ्या-पांढऱ्या बी (इंग्रजीत मधमाशी) श्रिम्पच्या मोठ्या गोतावळ्यात लाल पिलू सापडलं. त्यातून वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी क्रिस्टल रेड उभी केली. इथे लाल अप्रभावी आणि काळा प्रभावी. शुद्ध काळी आणि लाल यांची पिलं सगळी काळी होतात, पण लाल पोटात असतो. तशा दोन काळ्यांची जोडी जमली तर चारात एक पिलू लाल.

तुमच्याकडच्या काळ्या मादीच्या पोटात लाल आहे की नाही हे तपासायचं असेल तर तिची जोडी लाल नराशी लावा. लाल दडलेला असेल तर साधारण निम्मी पिलं लाल निघतील. आठ पिलं झाली आणि आठही काळी, तर ती मादी लाल लपवून बसली असण्याची शक्यता फारच कमी. लपवून असती, तर सलग आठ काळी येण्याची वेळ 256 मध्ये एकदा आली असती. ही परीक्षा मला फार आवडते. ना प्रयोगशाळा, ना सूक्ष्मदर्शक, आणि तरी जनुकाचा ठाव लागतो.

तैवान बी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांडा, किंग काँग, वाइन रेड, ब्लू बोल्ट यांचं घराणंही असंच दबून वागतं. तैवान बी आणि साधी क्रिस्टल यांच्या पिलांना मिश्लिंग म्हणतात. जर्मन शब्द, अर्थ मिश्र. ती दिसायला साध्या क्रिस्टलसारखीच असतात. दोन मिश्लिंग विणले तर साधारण चौथा हिस्सा तैवान बी, आणि मिश्लिंगची जोडी तैवान बीशी लावली तर निम्मा. तैवान बी नाजूक असतात, लवकर दगावतात, त्यामुळे मिश्लिंगच्या वाटेने गेलं तर ताजं रक्तही मिळतं आणि वाणही परत येतो. पुढे यात टायगरचं रक्त मिसळून ठिपके आणि पट्टे असलेल्या पिंटो घडवल्या गेल्या. त्यामागे कित्येक पिढ्यांचा संयम आहे.

एकाच रंगातल्या दर्जांचं, म्हणजे फिकी चेरी ते पूर्ण रंगवल्यासारखी लाल कोळंबी, गणित निराळं आहे. तिथे एखादं पान नाही तर कित्येक लहान लहान जनुकं रंगपेशींची दाटी ठरवतात. गडद आणि फिकी यांची पिलं बहुधा मधल्या छटेची होतात. रंग कालवल्यासारखं वाटतं ते फक्त इथे.

प्रत्यक्ष जोडी लावताना सगळ्यात जास्त घोटाळा नकळत होतो. दोन-तीन महिन्यांत कोळंबी वयात येते. मादीच्या डोक्यामागे पाठीवर पिवळट किंवा हिरवट खोगीर दिसू लागतं, ती तिच्या अंगातली तयार होणारी अंडी. मग ती कात टाकते आणि पाण्यात गंध सुटतो. टाकीतले सगळे नर वेड लागल्यासारखे काचेकाचेने पोहू लागतात. जोडी क्षणभरात होते, आणि अंडी लवकरच पोटाखाली येतात. त्यातला बाप कोणता हे आपल्याला कळत नाही. म्हणून प्रयोगाची मादी खोगीर धरायच्या आतच वेगळ्या टाकीत हवी, आणि त्या टाकीत तुम्हाला हवा तोच नर.

पोटाशी अंडी असलेली मादी भिंगातून पाहण्यासारखी असते. पोहण्याच्या पायांनी ती सतत अंड्यांना वारा घालते. मधूनच एखादं अंडं पुढे ओढून, पुसून परत जागेवर ठेवते. अंड्यांच्या रंगावरून पिलांच्या रंगाचा अंदाज बांधू नका, तो बलकाचा रंग असतो आणि बलक आईचा. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. मग थोड्याच दिवसांत जेमतेम दोन मिलिमीटरची, थेट आईबापांच्या घडणीची पिलं बाहेर पडतात. मधे अळीची अवस्था नसते. खरा रंग भरायला आणखी काही आठवडे लागतात, तोवर निवडीची घाई करू नये.

टाक्या किमान तीन हव्यात. एक मूळ वाणाची, तिच्यात काहीही मिसळायचं नाही. एक संकराची. एक निवडीत न बसलेल्या पिलांची. एका पिढीला अंदाजे चार महिने धरले तर नवा रंग स्थिर व्हायला लागणाऱ्या सहा पिढ्यांना दोन वर्षं जातात. या काळात भावंडांची वीण वारंवार होते, आणि त्याची किंमत द्यावी लागते. पिलं कमी जगतात, अंडी गळतात. त्यामुळे मूळ वाणाच्या टाकीतून अधूनमधून नवी कोळंबी आणून संकर ताजा करावा. एका पिढीने मागे गेल्यासारखं वाटतं, पण वाण टिकतो. आणि वहीत लिहून ठेवा. कोणत्या मादीची, कोणत्या तारखेची खेप, किती कोणत्या रंगाची. तीन महिन्यांनी आपल्याला सगळं आठवेल असं वाटतं, आठवत नाही.

मातकट पिलांचं काय करायचं? ती काटक असतात, शेवाळं तेवढंच आवडीने खातात, हिरव्यागार टाकीत मला तर सुंदर दिसतात. कुणाला देताना मात्र संकराची आहेत हे स्पष्ट सांगून द्या. लाल निघालेल्या संकरित पिलाला शुद्ध म्हणून दिलं तर त्याच्या पोटातला निळा दुसऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीत शिरतो.

आणि ती ओढ्यात, तळ्यात सोडू नका. जर्मनीत गिलबाख नावाचा एक छोटा प्रवाह आहे. वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे तो थंडीतही उबदार राहतो. तिथे 2013 मध्ये निओकॅरिडिना डेव्हिडी वसल्याची नोंद झाली, मूळ घरापासून हजारो किलोमीटर दूर. टाकीचं पाणी बदलताना नळीतून पिलंही ओढली जातात, आणि दोन मिलिमीटरचं पारदर्शक पिलू नुसत्या नजरेला दिसत नाही. मी पाणी आधी पांढऱ्या बादलीत काढतो, अर्धा तास स्थिर राहू देतो, बाजूने बॅटरीचा उजेड टाकतो. उजेडात त्यांचे डोळे आधी दिसतात. सगळी वेचून परत टाकीत सोडली की उरलेलं पाणी गटारात न ओतता कुंड्यांना घालतो.